एका भयपटाचा शुद्ध पाठ

जुन्या ग्रंथांच्या सहवासात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक खोड जडलेली असते. पुढ्यात पोथी आली की तीत काय लिहिले आहे हे पाहण्यापूर्वी ती कोणाच्या हातची आहे, कोठे हरताळ फासला आहे, कोणते पान गहाळ आहे आणि कोणता श्लोक मागाहून कोणी घुसडला आहे, याचा तो शोध घेऊ लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली तडीस गेले. विद्वानांच्या दोन पिढ्यांनी हे श्रम घेतले ते एवढ्याचसाठी की, व्यासांच्या माथी दुसऱ्याचे बोल मारले जाऊ नयेत. पाठ एकदा शुद्ध झाला म्हणजे मग ग्रंथाची स्तुति करावयाची ती करावी, निंदा करावयाची तीही खुशाल करावी.

हाच न्याय एखाद्या बोलपटास लावावा असे आम्ही म्हटले, तर आमचे कित्येक वाचक हसतील. बोलपट म्हणजे चार घटकांची करमणूक. त्यास कसला आला आहे पाठभेद? परंतु ‘विचफाइंडर जनरल’ या १९६८ सालच्या इंग्रजी भयपटाची हकीकत पाहिली म्हणजे हे हसू मावळेल. ‘चेटकिणी हुडकणाऱ्यांचा मुख्याधिकारी’ असा या नावाचा अर्थ आहे. हा बोलपट जगात निरनिराळ्या रूपांनी वावरला. कोठे कातरलेला, कोठे वाढविलेला, कोठे नाव बदललेला, तर कोठे संगीत बदललेला. घरी बसून पाहावयाच्या तबकड्यांवर तो आपल्या मूळ रूपास कसा येत गेला, आणि त्या रूपात पाहिल्यावर त्याच्यावरील जुन्या आरोपाचे काय होते, हे सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हॉपकिन्स: इतिहासातला

प्रथम खऱ्या इतिहासाकडे वळू. इंग्लंडात १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. देशाचे पूर्वेकडील परगणे पार्लमेंटच्या बाजूचे होते. तरुण मंडळी रणात, न्यायाधीशांचे नेहमीचे दौरे विस्कळीत, धान्य महाग आणि प्रत्येकाच्या मनात शेजाऱ्याविषयी संशय, अशी त्या प्रांताची स्थिति होती. या काळात एसेक्स परगण्यातील मॅनिंगट्री गावी मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा एक गृहस्थ राहत होता. तो सफक परगण्यातील एका प्युरिटन धर्मोपदेशकाचा मुलगा. वय पंचविशीच्या आसपास. १६४५ च्या मार्चात त्याच गावच्या एलिझाबेथ क्लार्क नावाच्या, एकच पाय असलेल्या वृद्धेवर चेटकाचा आळ आला. हॉपकिन्स व त्याचा साथीदार जॉन स्टर्न यांनी तिला रात्रीमागून रात्री जागत ठेवले आणि तिच्याकडून कबुली मिळविली. तिने आणखी नावे घेतली, त्या नावांनी आणखी नावे घेतली, आणि पाहता पाहता हे लोण एसेक्समधून सफक, नॉरफोक व पलीकडच्या परगण्यांत पसरले. ‘विचफाइंडर जनरल’ ही पदवी पार्लमेंटने हॉपकिन्सला कधी दिली नव्हती. ती त्याने स्वतःच धारण केली होती.

इंग्लंडच्या कायद्यास शारीरिक छळ मान्य नव्हता. म्हणून अंगावर वळ उमटणार नाही अशा रीति या मंडळींनी योजिल्या. आरोपीस दिवसेंदिवस झोपू द्यावयाचे नाही. डुलकी लागली की उठवून खोलीत येरझारा घालावयास लावावयाचे. अंगावरील एखादा तीळ किंवा चामखीळ ही सैतानाची खूण ठरवून तेथे सुई टोचावयाची. वेदना झाली नाही तर गुन्हा सिद्ध! हातपाय बांधून पाण्यात सोडावयाचे. तरंगली तर पवित्र पाण्याने तिला नाकारले, म्हणून ती चेटकीण.

या धंद्यात पैसाही होता. स्टोमार्केट गावाने हॉपकिन्सला २३ पौंड व प्रवासखर्च दिल्याची नोंद आहे. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी सहा पेन्सच्या आसपास असे. आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांस हे उदाहरण घातले असते तर त्यांनी चटकन उत्तर दिले असते: नऊशे वीस दिवसांची मजुरी. म्हणजे गरिबाने तीन वर्षे राबून जे मिळवावे, ते एका गावच्या एका कामगिरीत या गृहस्थाच्या खिशात पडले.

२७ ऑगस्ट १६४५ रोजी बरी सेंट एडमंड्स येथे एकाच दिवशी अठरा जणांस फाशी दिले. त्यांत ब्रँडस्टन गावचे धर्मोपदेशक जॉन लोज होते. वय ऐंशीच्या घरात. त्यांना कित्येक रात्री जागविले, धावविले आणि पाण्यात सोडले. शेवटी त्या थकलेल्या म्हाताऱ्याने कबूल केले की, हार्विच बंदराजवळ आपण पिशाच्च पाठवून एक जहाज बुडविले. त्या दिवशी असे एखादे जहाज खरोखर बुडाले होते काय, एवढा साधा प्रश्न विचारावयाचे कोणास सुचले नाही. फाशी जाण्यापूर्वी लोज यांनी प्रेतसंस्काराची प्रार्थना स्वतःच स्वतःकरिता म्हटली. या सर्व प्रकरणांत शंभरावर माणसे प्राणास मुकली असावीत, असा इतिहासाभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत स्त्रिया फार.

याविरुद्ध बोलणारा एक माणूस निघाला. ग्रेट स्टॉटन गावचे धर्मोपदेशक जॉन गॉल यांनी व्यासपीठावरून या प्रकाराचा निषेध केला व १६४६ साली पुस्तक लिहून तो प्रसिद्ध केला. हॉपकिन्सने १६४७ साली एक लहानसे पुस्तक काढून आपल्या कृत्यांचे समर्थन केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तो क्षयाने घरच्या घरी वारला व मिस्टली येथे त्याचे दफन झाले. त्यास कोणी पकडले नाही, जाब विचारला नाही की शिक्षा केली नाही.

हॉपकिन्स: पडद्यावरचा

या हकीकतीवर रोनाल्ड बॅसेट यांनी १९६६ साली एक कादंबरी लिहिली. टायगन या लहानशा ब्रिटिश चित्रसंस्थेचे टोनी टेन्सर यांनी ती पडद्यावर आणावयाचे ठरविले, आणि काम सोपविले मायकेल रीव्ह्ज नावाच्या तरुणाकडे. १८ सप्टेंबर १९६७ रोजी चित्रण सुरू झाले तेव्हा रीव्ह्ज यांस चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. टॉम बेकर या आपल्या मित्रासह त्यांनी पटकथा लिहिली. एकंदर खर्च लाख पौंडांच्या आतच. दालनातील प्रसंगांसाठी विमाने ठेवावयाच्या जुन्या शेडचा चित्रशाळेसारखा उपयोग केला, आणि बाहेरचे प्रसंग प्रत्यक्ष सफकच्या कुरणांत, लॅव्हनम गावच्या चौकात आणि ऑर्फर्डच्या जुन्या किल्ल्यात घेतले. छायालेखक जॉन कॉकिलॉन यांनी त्या प्रदेशाची शरद ऋतूतील कोवळी उन्हे अशी टिपली आहेत की, वाटावे हा एखादा ग्रामजीवनाचा प्रसन्न चित्रपट आहे.

आणि त्या प्रसन्न उन्हातच पहिला प्रसंग घडतो. टेकडीवर कोणी खांब ठोकीत आहे. हातोड्याचा आवाज दुरून येतो. एका ओरडणाऱ्या स्त्रीला लोक ओढीत नेतात, एक धर्मोपदेशक मागून मंत्र म्हणत चालला आहे. तिला लटकवितात. दूर घोड्यावर बसलेला एक पुरुष हे शांतपणे पाहत असतो. तो हॉपकिन्स.

पुढची कथा थोडक्यात अशी. पार्लमेंटच्या सैन्यातील तरुण अंमलदार रिचर्ड मार्शल याचे लग्न ब्रँडस्टनच्या लोज धर्मोपदेशकांच्या पुतणीशी, सारा हिच्याशी, ठरले आहे. तो रणात असता हॉपकिन्स गावात येतो आणि लोज यांचा छळ मांडतो. काकाचा जीव वाचावा म्हणून सारा स्वतःच्या शीलाचे मोल देण्यास तयार होते; पण पुढे स्टर्न तिच्यावर बलात्कार करतो, हॉपकिन्सचे मन फिरते, आणि म्हातारा लोज फासावर चढतो. रिचर्ड परततो, उद्ध्वस्त देवळात साराला गुडघे टेकावयास लावून तिला पत्नी मानतो, आणि देवाला साक्षी ठेवून सूडाची शपथ घेतो.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे पुष्कळ चुका दिसतील. खरा हॉपकिन्स पंचविशीतला. व्हिन्सेंट प्राइस हे नट त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते. बोलपटात लॅव्हनमच्या चौकात एका स्त्रीला शिडीस बांधून आगीत सोडतात. इंग्लंडात मात्र चेटकाच्या गुन्ह्यास शिक्षा फाशीची होती, जाळण्याची नव्हे. आणि हॉपकिन्सच्या पाठीस लागलेला सूडाचा पाईक हा तर सर्वस्वी कल्पित. परंतु महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात दुर्वासाचा शाप कोठे आहे? तो कालिदासाने घातला. कवीने इतिहास बदलला की नाही हे विचारण्यापेक्षा कशासाठी बदलला, हे विचारणे अधिक रास्त होय. त्याचे उत्तर पुढे येईल.

प्राइस यांची निवड दिग्दर्शकाची नव्हती. रीव्ह्ज यांस डोनाल्ड प्लेझन्स हा नट पाहिजे होता. पण पैशाचा काही भाग अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी देत होती आणि तिचा नट प्राइस. भयपटांत काहीसे मिस्कील, काहीसे अतिरंजित काम करून प्राइस यांनी नाव मिळविले होते. रीव्ह्ज यांनी त्या मिस्कीलपणास अजिबात वाव दिला नाही, आणि चित्रण चालू असता दोघांत वरचेवर खटके उडाले. बोलपट पुरा झालेला पाहिल्यावर मात्र त्या बुजुर्ग नटाने या पोरसवदा दिग्दर्शकास एक लांबलचक पत्र लिहून त्याचे काम नावाजले. आपल्याकडून ज्याने नको असताही चांगले काम करवून घेतले त्याचे ऋण मान्य करावयास मन मोठे असावे लागते. ११ फेब्रुवारी १९६९ रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, झोपेच्या औषधाची मात्रा अधिक झाल्याने रीव्ह्ज यांचा अपघाती मृत्यु झाला. पोथी मागे राहिली, आणि चुकीच्या नकला सुधारावयास कर्ता उरला नाही.

चार पाठभेद

पहिला पाठभेद ब्रिटनच्या सेन्सॉरचा. सेन्सॉर मंडळाचे चिटणीस जॉन ट्रेव्हेलियन हे रीव्ह्ज यांचे लांबचे नातलग. पण नात्याने कात्री बोथट झाली नाही. मारहाणीच्या व वधाच्या प्रसंगांतून सुमारे दोन मिनिटांचा भाग गेला. दोन मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे कोणास वाटेल. परंतु घाव पडण्यापूर्वी दृश्य तोडले की घाव सोपा होतो. पाहणाऱ्यास वाटते, झाले ते चटकन झाले.

दुसरा पाठभेद अमेरिकेतला. प्राइस यांनी पूर्वी एडगर ॲलन पो या कवीच्या कथांवर आधारलेल्या बऱ्याच बोलपटांत कामे केली होती. तेव्हा हाही त्याच माळेतला मणी भासावा म्हणून कंपनीने त्यास पोच्या एका कवितेचे, ‘द काँकरर वर्म’ हे नाव दिले आणि आरंभी व शेवटी तीतील ओळी प्राइस यांच्याकडून म्हणवून घेतल्या. पोची कविता १८४३ सालची. हॉपकिन्सशी तिचा काडीचा संबंध नाही. आमच्या पोथ्यांच्या भाषेत यास प्रक्षेप म्हणतात.

तिसरा पाठभेद युरोपातील काही देशांकरिता. तेथील प्रेक्षकांची अभिरुचि ‘मोकळी’ आहे असे गृहीत धरून गुत्त्यातील काही प्रसंग अधिक उघडेवाघडे करून निराळे चित्रित केले होते. ही वाढ कथेस काही देत नाही.

चौथा पाठभेद सर्वांत विलक्षण. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत घरोघर व्हिडिओ कॅसेटी आल्या तेव्हा हा बोलपटही कॅसेटवर निघाला. पण संगीताच्या हक्कांची अडचण आली, म्हणून पॉल फेरिस यांचे मूळ संगीत काढून टाकून केंडल श्मिट यांनी यंत्रवाद्यावर केलेले नवे संगीत तेथे बसविले. चित्र तेच, संवाद तेच, प्राण मात्र दुसरा. सुमारे वीस वर्षे अमेरिकेतील घरगुती प्रेक्षकांनी पाहिला तो हा परकाया प्रवेश केलेला बोलपट.

फेरिस यांचे संगीत जुन्या इंग्रजी लोकगीतांच्या चालीवरचे, कोमल आणि उदास आहे. घोडेस्वार कुरणातून दौडत जातात तेव्हा त्याखाली प्रेमगीताची सुरावट चालू असते. हेच फेरिस, निराळे नाव घेऊन, बोलपटात एक लहानसे कामही करून गेले आहेत. लॅव्हनमच्या चौकात जिला जाळतात, त्या स्त्रीच्या तरुण पतीचे. म्हणजे ज्याने हे करुण सूर बांधले, त्याचाच चेहरा त्या आगीच्या उजेडात हताश उभा आहे. ते सूर काढून टाकावे आणि तो चेहरा तसाच ठेवावा, यापरते पाठाचे विडंबन कोणते?

तबकडीवरील जीर्णोद्धार

या गोंधळातून बोलपट सुटला तो चित्रगृहात नव्हे, घरात. ब्रिटनमध्ये निघालेल्या एका तबकडीवर कापलेले क्षण परत जोडले गेले. ते निकृष्ट प्रतीवरून घ्यावे लागल्यामुळे त्या त्या ठिकाणी चित्र एकाएकी मळकट होते. आम्हांस हा दोष वाटत नाही. जुन्या ग्रंथाच्या छापील आवृत्तीत जेथे दुसऱ्या पोथीवरून ओळ घेतली असेल तेथे संपादक खूण करतो. ती खूणच येथे आपोआप उमटली आहे. जेथे चित्र मळकट झाले, तेथे कात्री चालली होती, हे डोळ्यांस दिसते.

२००७ साली अमेरिकेत एमजीएम कंपनीने डीव्हीडी काढली. तीत मूळ नाव परत आले आणि मुख्य म्हणजे फेरिस यांचे संगीत परत आले. रिचर्डचे काम करणारे नट इयन ओगिल्व्ही व निर्मात्यांपैकी फिलिप वॉडिलोव्ह यांनी बोलपट चालू असता केलेले निरूपणही तीत ऐकावयास मिळते. ही एक प्रकारची टीकाच, मूळ श्लोकाखाली चालणाऱ्या टीकेसारखी. २०११ साली ब्रिटनमध्ये व २०१३ साली अमेरिकेत ब्लू-रे तबकड्या निघाल्या, आणि कॉकिलॉन यांची ती उन्हे स्वच्छ दिसू लागली. यात समजावयाचे ते एवढेच की, चित्रगृहात आज लागून उद्या जाणारी वस्तु घरच्या कपाटात आली म्हणजे तिची दोन प्रतींशी तुलना करिता येते, थांबून पाहता येते, पुन्हा पाहता येते. ग्रंथास जी प्रतिष्ठा छापखान्याने दिली, ती बोलपटास तबकडीने दिली.

आरोप आणि त्याचे उत्तर

१९६८ साली बोलपट निघाला तेव्हा ॲलन बेनेट या प्रसिद्ध नाटककारांनी ‘द लिसनर’ या साप्ताहिकात त्यावर कडाडून टीका केली. परपीडेत रमणारी आणि नैतिकदृष्ट्या सडलेली कृति, असा तिचा आशय. रीव्ह्ज यांनी त्याच पत्रात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, हिंसा ही ओंगळ व माणसास हीन करणारी गोष्ट आहे, ती तशीच दाखविली पाहिजे. पाहणाऱ्यास धक्का बसत नाही अशी सोज्ज्वळ हिंसाच खरी घातक होय.

या वादात आमचा कौल कोणाकडे? आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिचे शास्त्रकार रंगभूमीवर प्रत्यक्ष वध दाखवू नये असा दंडक घालतात. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, पण तो अपवाद. तेव्हा प्रथमदर्शनी आमचा कल बेनेट यांच्याकडे असावा हे उघड आहे. परंतु त्याच शास्त्राने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. भरतमुनींच्या मते रौद्रापासून करुण उत्पन्न होतो आणि बीभत्सापासून भयानक. एका रसातून दुसरा निपजतो. मग प्रश्न हिंसा दाखविली की नाही हा राहत नाही. तिच्यापासून शेवटी काय निपजते, हा राहतो.

शेवट पाहा. ऑर्फर्डच्या किल्ल्यात हॉपकिन्स रिचर्डच्या डोळ्यांदेखत साराला टोचण्या लावतो. रिचर्ड बंधने तोडतो, कुऱ्हाड उचलतो आणि हॉपकिन्सवर घाव घालू लागतो. एक नव्हे, अनेक. नेहमीच्या बोलपटात येथे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवावयाच्या. पण तेवढ्यात रिचर्डचा एक शिपाई-मित्र आत येतो, ते दृश्य त्यास पाहवत नाही, आणि केवळ दयेने तो हॉपकिन्सला गोळी घालून मोकळे करतो. तेव्हा रिचर्ड शुद्धीवर येतो काय? नाही. त्याने माझ्या हातचा बळी हिरावून घेतला, असे तो वेड्यासारखा पुन्हा पुन्हा ओरडू लागतो. आणि सारा किंचाळू लागते. ती किंकाळी थांबत नाही. तीतच बोलपट संपतो.

येथे भट्टनारायणाचे ‘वेणीसंहार’ आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही पत्नीची विटंबना आहे, शपथ आहे, सूड आहे. दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम द्रौपदीची वेणी बांधतो आणि नाटक मंगल होते. रीव्ह्ज यांच्या बोलपटात शपथ पुरी होण्याच्या बेतास येते, पण वेणी बांधली जात नाही. जो न्याय मागावयास निघाला तो न्याय करता करता हॉपकिन्ससारखाच झाला; आणि जिच्या नावाने हे सारे केले ती दोघांकडे पाहून किंचाळते आहे. खरा हॉपकिन्स खाटेवर पडून क्षयाने मेला; त्यास कुऱ्हाडीखाली आणून इतिहास बदलला तो याचसाठी. दुष्टास शिक्षा व्हावी ही आपली इच्छा कवीने पुरी केली, आणि ती पुरी होताना कशी दिसते हे आपल्यास दाखविले. पोच्या ओळी शेवटी चिकटविल्या की ती किंकाळी कवितेत बुडते. यंत्रवाद्य लावले की तिची भुताटकी होते. घाव कापले की रिचर्ड निर्दोष वीर भासतो. चारही पाठभेदांनी घात केला तो नेमका या शेवटाचा. म्हणून आम्ही म्हणतो, पाठ शुद्ध झाल्यावर बेनेट यांचा आरोप टिकत नाही. दोन मिनिटे परत मिळाली आणि बोलपट अधिक क्रूर झाला खरा, पण अधिक नीतिमानही झाला.

आमच्या घरी हा बोलपट वडील मंडळींनी पाहिला, तेव्हा सूनबाई एवढेच म्हणाली, “मामंजी, त्या देवळात शपथ घेतली ती त्याने. तिला कोणी विचारलेच नाही, तुला काय हवे म्हणून.” आम्ही पटकथेतील गुणदोष काढीत बसलो होतो, हे आमच्या लक्षात आले नव्हते. तिचे बोलणे ऐकून आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला. खरेच, सारा गुडघे टेकून गप्प आहे. शेवटच्या किंकाळीत कदाचित तिचे उत्तर असेल.

घरोघरच्या वाचकांस

आता एक रोखठोक गोष्ट. हा बोलपट मुलांस दाखविण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये त्याच्या घरगुती आवृत्तीसही अठरा वर्षांखालील मुलांस मनाई आहे, आणि ती योग्य आहे. एकत्र कुटुंबात दिवाणखान्यातील पडदा सर्वांचा असतो. तेव्हा वडिलांनी तो आधी पाहावा, मुले निजल्यावर पाहावा, आणि ज्यास अशी दृश्ये सोसत नाहीत त्यास आग्रह करू नये. बीभत्स सोसणे हा काही मोठेपणा नव्हे. ज्या आवृत्तीत गुत्त्यातील वाढीव प्रसंग असतील ती सोडून, मूळ संगीत व कापलेले क्षण असलेली आवृत्ति पाहावी. ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ हा १९७१ चा व ‘द विकर मॅन’ हा १९७३ चा, असे आणखी दोन बोलपट जाणकार मंडळी याच्याबरोबर एका पंक्तीत बसवितात व या पंक्तीस लोकभयपट असे नाव देतात. त्या दोहोंत भुताखेतांचा किंवा जुन्या दैवतांचा वावर आहे. ‘विचफाइंडर जनरल’मध्ये मात्र सैतान कोठेच येत नाही, भूत नाही, चेटूक नाही. आहेत ती केवळ माणसे.

हीच त्याची खरी भीति. जिच्यावर आळ येतो ती बहुधा म्हातारी, एकटी, गरीब. तिच्या बाजूने बोलेल असे घर मागे नसते. आळ घेणाऱ्यास मान आणि पैसा मिळतो. आणि उरलेले गाव बघे होते. एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्यास छळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली करावा लागला, यावरून हा विषय तीनशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या सफकपुरता नाही, हे कळून येईल.

लॅव्हनमच्या चौकात ती स्त्री जळून गेल्यावर गर्दी पांगते. आग विझत आलेली असते. गावातील चार-दोन मुले त्या निखाऱ्यांभोवती बसतात आणि त्यांत बटाटे भाजतात. कोणी त्यांस रागावत नाही, कारण कोणास त्यात वावगे दिसत नाही. साऱ्या बोलपटात रक्ताचा थेंबही नसलेले असे हे दृश्य आहे. आमच्या मते सर्वांत भयंकर दृश्य तेच होय.